माकल्याचा वाटा

आमच्या वाडीत या मोसमात तीन घरांत नवी पिल्लं आली. तिन्ही घरांतून कुणी ना कुणी माझ्या दारात येऊन गेलं. प्रश्न एकच, "वैनी, ह्याला खायाला काय घालायचां?" पहिल्या घराला मी सगळं सविस्तर सांगितलं. दुसऱ्याला निम्मं सांगितलं. तिसऱ्यापर्यंत माझं तोंड दुखायला लागलं, म्हणून आता एकदाच लिहून टाकते. मी डॉक्टर नाही. मासे विकते. पण आमचा कुत्रा मरता मरता वाचला, आणि तो मरायला निघाला होता तो आमच्या लाडानं, हे मला सांगितलंच पाहिजे.

माझ्या नवऱ्याची स्वतःची होडी आहे. वाडीत त्यांना सगळे तांडेल म्हणतात, घरातही तेच नाव रूढ झालंय, म्हणून इथेही तेच लिहिते.

हातखंब्याहून आलेला खलाशी

दोन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत तांडेल मासळीच्या टेम्पोबरोबर हातखंब्याला गेले होते. परत आले तेव्हा रिकाम्या क्रेटमध्ये एक पिल्लू. पांढरंशुभ्र, आणि थोबाडावर काळा डाग. म्हाकळीनं तोंडावर शाई उडवावी तसा.

"हे काय आणलात? घरात मांजरां कमी हायत?" मी म्हटलं.

"हायवेवर गाडीखाली जात होतां. मी काय बगत बसू?"

म्हाकळीवरून त्याचं नाव माकल्या पडलं. आणलं तांडेलांनी आणि निस्तरलं मी, हे आमच्या संसारात नवीन नाही. जंताचं औषध मी पाजलं. कानात बोटं घालून गोचिड्या मी काढल्या. पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात मी नेलं आणि पिसाळण्याचं पहिलं इंजेक्शन मी देऊन आणलं. दुसरं द्यायच्या वेळी माकल्यासाहेब होडीत बसून निघून गेले होते. मी जेटीवर उभी राहून घसा बसेपर्यंत हाका मारल्या. मग ते इंजेक्शन राहिलं ते राहिलंच.

खाण्याचं खातं मात्र तांडेलांनी पहिल्यापासून आपल्याकडे ठेवलं.

आमच्याकडे होडी लागली की मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशांचे वाटे. माकल्या जेमतेम दात फुटलेला होता तेव्हापासून तांडेलांनी त्याचाही एक वाटा सुरू केला. ओंजळभर तारली, कधी मांदेली, पाण्यातून काढलेली, अजून चमकणारी. इतर वाटे पडायच्या आधी हा वाटा पडायचा. खलाशी हसायचे, पण त्यांनाही ते आवडायचं. हळूहळू तो शकुनच होऊन बसला. माकल्यानं वाटा खाल्ल्याशिवाय कुणी मासळीच्या पाटीला हात लावायचं नाही.

मी सुरुवातीला भात-दूध कालवून द्यायची. तांडेल नाक मुरडायचे.

"शिजवलेलां खाणारा कुत्रा बंगल्यात शोभतो. ह्यो खलाशी हाय. ताजी मासळी खाणार आणि वाघासारखा होणार."

मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला सांगू? बाजारात गिऱ्हाइकं शिळ्या बांगड्याचे कल्ले उघडून बघत असायची आणि आमचा कुत्रा त्यांच्यापेक्षा ताजं खात असायचा. मी ते चार बायकांत ऐटीत सांगायची.

पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, होड्या ओढून वर घेतल्या, त्यांच्यावर माडाची झापं पडली. माकल्याचा वाटा बंद. आता आमच्या ताटातला भात, थोडी सुकट, कधी अंडं. मला त्याची कीव यायची. पण तो मात्र त्या दोन महिन्यांत चांगला भरला. केस चमकायला लागले, धावताना जमीन हादरायची. मी म्हटलं, काम नाही, धंदा नाही, आयतं बसून सुटला. ह्या गोष्टीला काही अर्थ असेल असं मला वाटलंच नाही.

पायऱ्या

मोसम सुरू झाला. माकल्या आता पिल्लू राहिला नव्हता. त्यानं घर सोडून जेटीवरच मुक्काम ठोकला. त्या वर्षी तारली उदंड आली. सकाळी तारली, संध्याकाळी तारली, भाताला तो तोंडही लावीना.

थंडी पडता पडता एक दिवस त्यानं वाटा अर्धा टाकला. तांडेल म्हणाले, "पोट भरलां असंल." दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा. मग तो जेटीच्या पायऱ्यांवरून उतरताना घसरला. चार पायांचं जनावर, रोजच्या पायऱ्या, आणि मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. मला वाटलं कुणीतरी मारलं. मी जेटीवर जाऊन दोघातिघांना शिव्याही घालून आले. त्यांनी निमूट ऐकून घेतल्या. बिचाऱ्यांनी काही केलं नव्हतं.

मग मान वाकडी झाली. डाव्या खांद्याकडे कलायला लागली, आणि तो त्याच बाजूला गोल गोल चालायला लागला. खांबाभोवती फिरत राहायचा. हाक मारली की थांबायचा, पण बघायचा भलतीकडेच. तोंडातून लाळ गळत होती. मी आजारी माणसं पुष्कळ पाहिली आहेत, सासऱ्यांचं सगळं मीच केलं. पण माझ्याकडे बघून मला न ओळखणारे डोळे मी पहिल्यांदा पाहिले.

दुपारी अंगणात त्याला झटका आला. पाय ताठ, दात करकर वाजताहेत. शेजारच्या सुमनकाकी नातीला, चार वर्षांच्या पिहूला, काखोटीला मारून मागे सरल्या.

"पिसाळलां गो तां," त्या म्हणाल्या.

मोठ्यानं नाही म्हणाल्या. पण वाडीत तो शब्द पसरायला मोठ्यानं बोलावं लागत नाही.

जाळ्यातून दवाखान्यात

त्याला उचलायचं कसं? चावला तर? मी हात पुढे केला तर तांडेलांनी माझा हात मागे ओढला. जाळी ठेवायच्या खोपीतून जुनं जाळं आणलं, लांबून फेकलं, चार पदर गुंडाळले आणि फळीवर घालून टेम्पोत ठेवलं. इतकी वर्षं त्यांचं जाळं फेकणं पाहतेय, त्या दिवशी त्यांचा हात पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा फेकावं लागलं.

गुरांच्या दवाखान्यात आमच्या पुढे एक म्हैस आणि दोन शेळ्या. मला धड बसवेना. बाकावर बसले, उठले, टेम्पोकडे जाऊन आले, पुन्हा बसले. म्हशीचा मालक म्हणाला, "ताई, तुमीच आदी जावा." देव त्याचं भलं करो.

डॉक्टर मॅडम तरुण, देशावरच्या. हातमोजे घालून त्या टेम्पोतच चढल्या. जाळ्यातून डोळ्यांत बॅटरी मारली, पायांना चिमटे काढले, मग खाली उतरून माझ्याकडे वळल्या.

"इंजेक्शनं झालीत?"

"एक झालंय. दुसरं राहिलं."

त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी विचारलं, "कुणाला चाटलाय, चावलाय?"

तांडेल दोन्ही हात पुढे करून बघत राहिले. जाळ्याच्या दोरीनं कापलेली बोटं, नेहमीसारखी. माकल्या त्यांना रोज चाटायचा.

"खातो काय?" मॅडमनी विचारलं.

आता मात्र मी ताठ झाले. त्या अवस्थेतही मला वाटलं, इथे तरी कुणी नाव ठेवणार नाही. "आमच्याकडे खाण्याचे हाल नाहीत, मॅडम. ताजी मासळी. तुमाला बाजारात मिळणार नाही अशी."

"शिजवून?"

"छे, ताजीच की."

"कच्ची? रोज?"

"रोज. दोन वेळा."

"कुठली?"

"तारली, मांदेली. आता तारलीच."

"भात, अंडी, दुसरं काही?"

"तोंड लावीत नाय," तांडेल म्हणाले. त्यात अजून थोडी ऐट होती.

मग मॅडमनी एक विचित्र प्रश्न विचारला. "पावसात मासेमारी बंद असते ना? तेव्हा काय खायचा आणि कसा होता?"

मी सांगायला सुरुवात केली, भात, सुकट, अंडं, आणि चांगला सुटला होता, आणि बोलता बोलता माझाच आवाज बारीक होत गेला. त्या काय म्हणणार हे मला कळलं नव्हतं, पण आपण काहीतरी भयंकर बोलतोय एवढं कळलं होतं.

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. तारलीसारख्या काही माशांत, कच्चे असताना, असं काहीतरी असतं की ते अंगातलं एक जीवनसत्त्व खाऊन टाकतं. कधीमधी खाल्लं तर बिघडत नाही. पण दुसरं काहीच न खाता रोज तेच खाल्लं तर मेंदूला लागणारं ते सत्त्व संपत जातं. मग भूक जाते, पाय लटपटतात, मान वाकडी होते, झटके येतात. शिजवलं की माशातला तो दोष जातो.

"म्हणजे आमी..." तांडेल म्हणाले.

"तसं असेल तर आपलं नशीब चांगलं," मॅडम म्हणाल्या. "इंजेक्शननं दोन-तीन दिवसांत फरक दिसेल. पण ते तसंच आहे असं मी आज छातीठोक सांगू शकत नाही. एक डोस राहिलाय. पिसाळलेला असेल तर काही दिवसांत तो जाईल, आणि आपण काही करू शकणार नाही. तोवर लांब बांधा. कुणी हात लावू नका. तुम्ही सगळ्यांनी सरकारी दवाखान्यात जाऊन सुया घ्या, आजच. आणि याला रोज माझ्याकडे आणा."

त्यांनी जाळ्याच्या भोकातून सुई दिली. माकल्यानं साधं कुईं पण केलं नाही.

सुया

माणसांच्या दवाखान्यात आम्ही एका रांगेत उभे, मी, तांडेल आणि आमचे दोघे खलाशी. वादळात होडी घालणारा माणूस सुईसमोर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नर्सबाई म्हणाल्या, "काका, मी अजून टोचलंच नाहीये." खलाशी हसले, मीही हसले. दिवसभरात पहिल्यांदा हसले आणि लगेच डोळे भरून आले. हे ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल. कुत्रा आजारी पडला की माणूस रडूही शकत नाही नीट. कुणी पाहिलं तर म्हणतं, कुत्र्यासाठी रडते.

एक सांगते, आणि हे लक्षात ठेवा. कुत्रा बरा निघाला तरी आपल्या सुया अर्ध्यावर सोडायच्या नाहीत. तिथल्या डॉक्टरांना विचारायचं, ते सांगतील तेवढ्या घ्यायच्या. आम्ही घेतल्या.

उंडीखाली

खोपीमागे उंडीचं झाड आहे, त्याला माकल्याला बांधलं. पोरांनी जवळ येऊ नये म्हणून मी भोवती काटक्यांचं कुंपण केलं. लांब काठीनं पाण्याचं भांडं सरकवायचं, अंड्याचा भात सरकवायचा. तो दोन्हींकडे ढुंकूनही बघेना. दोरी पुरेल तेवढ्यात गोल गोल फिरायचा, दोरी झाडाला गुंडाळली जायची, मग तो अडकून उभा राहायचा. मग मी काठीनं त्याला उलटं फिरवायची. तो पुन्हा फिरायचा.

मला एका जागी बसवत नव्हतं. भाकरी थापायला बसले की उठून उंडीकडे. पाटी घेऊन बाजारात गेले तर कुठला मासा कुणाला दिला याचं भान नाही. एका बाईनं हलवा मागितला, मी बांगडे भरून दिले. शेवटी पाटी बहिणीकडे सोपवून मी अर्ध्या बाजारातून घरी पळाले. घरी येऊन करायचं तरी काय होतं? तो फिरत होता, मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळं, पुन्हा टेम्पो, पुन्हा सुई. फरक नाही. मॅडम म्हणाल्या, "थांबा अजून." थांबायला सांगणं सोपं असतं, असं मी मनात म्हटलं. तोंडानं "बरं" म्हटलं.

त्या संध्याकाळी खोपीसमोर वाडीतली माणसं जमली. कुणी भांडायला आलं नव्हतं, ते भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. सुमनकाकी पिहूला घेऊन आल्या होत्या.

"माजी नात त्येच्या अंगावर लोळायची, गो," त्या म्हणाल्या. "तिला पण सुया चालू हायत. रात्री दोरी तुटली तर? तूच सांग मला."

मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते, आणि त्यांच्याहून मोठ्यानं.

तांडेल खाली मान घालून जाळं विणत होते. शेवटी म्हणाले, "सकाळच्या भरतीला बगतंय मी."

भरतीला बघणं म्हणजे काय, ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं. लोक उठून गेले.

मी घरात आल्यावर बोलले. "अवो, मॅडम म्हणाल्या दोन-तीन दिवस. अजून तिसरी सुई व्हायची हाय."

"मॅडम त्यांच्या घरी. पोरां हितं."

"आपल्याच खाण्यानं झालंय हे. आपणच मारायचं?"

ते ताटावरून उठले. जेवण तसंच. मला वाटलं ते उंडीकडे जातील, पण ते तिकडे गेले नाहीत. खोपीकडून काहीतरी जड ओढत नेल्याचा आवाज आला. मी दारातून पाहिलं. होडीच्या नांगराचा जुना धोंडा होता, काळा, मधोमध दोरी बसायला खाच असलेला. तो त्यांनी होडीत ठेवला.

धोंडा

पहाटे मी त्यांच्या आधी उठले. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. उंडीखाली गेले, माकल्या आडवा पडला होता, पोट हलत होतं एवढंच पाहिलं. मग पाय आपोआप होडीकडे वळले.

आमच्या होडीत बाईमाणूस चढत नाही. हा तांडेलांच्या वडिलांपासूनचा नियम, आणि सव्वीस वर्षांत मी तो कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मी लुगडं खोचलं, पाण्यातून चालत गेले, होडीच्या कडेवर पोट टाकून आत चढले आणि त्या धोंड्यावर जाऊन बसले.

तांडेल आले. गुडघाभर पाण्यात येऊन थांबले.

"उतर गो."

"नाय उतरणार."

"लोक बगतील."

"बगूंदेत. मला घेऊन चला. धोंडा माज्या खाली हाय, मला उचलल्याशिवाय तुमाला मिळणार नाय."

भरती चढत होती. होडी हलायला लागली. मला होडीची सवय नाही, मी दोन्ही हातांनी फळी धरून बसले होते. मी म्हटलं, "एक सुई हाय आज. ती होऊंदे. ती होऊन पण तसाच रायला तर मी उतरेन, मी स्वतः धोंडा बांधून देईन."

मग होडीच्या कडेला त्यांनी कपाळ टेकलं.

"मला काय बरां वाटतंय काय गो?" ते म्हणाले. "माज्या हातानं घातलां ना मी त्येला. रोज पयला वाटा त्येचा. रोज."

लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही. आता मी कुठे उतरणार होते? मी होडीत, ते पाण्यात, आणि दोघंही रडतोय. कुणी पाहिलंही असेल.

तेवढ्यात खोपीमागून आवाज आला. बारीक, चिरका, मध्येच तुटलेला. पण भुंकणंच. तांडेलांचा आवाज ऐकून तो रोज होडीकडे तोंड करून भुंकायचा, तसं. आजारी पडल्यापासून तो भुंकला नव्हता.

मी कशी उतरले ते आठवत नाही. गळ्यापर्यंत भिजले होते एवढं खरं. आम्ही उंडीकडे पळालो. माकल्या झाडाला अंग टेकून उभा होता. मान वाकडीच, पाय थरथरताहेत, पण फिरत नव्हता. त्यानं आमच्याकडे पाहिलं, आमच्याचकडे. मग हळूच भांड्यापाशी गेला, थोबाड घातलं आणि पाणी प्यायला लागला. बराच वेळ पीत राहिला. तांडेल तिथेच मातीत बसले.

त्या दिवशी तिसऱ्या सुईला नेलं आणि मॅडमना हे सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पाणी प्याला म्हणून पिसाळलेला नाही, असं धरून चालू नका. तसे कुत्रेही कधी पाणी पितात. दहा दिवस धीर धरा, मग बोलू." आम्ही धीर धरला. कुंपण ठेवलं, जाळं ठेवलं, काठी ठेवली. सुमनकाकींना मी स्वतः जाऊन सांगितलं की दहा दिवस मी तिथून हलणार नाही. त्या म्हणाल्या, "मग मी पन येऊन बसतंय तुज्यासंगं." आणि खरंच बसल्या, लांब, पण बसल्या. येताना चहा आणायच्या.

रोज थोडा थोडा फरक पडत गेला. एक दिवस त्यानं अंडं खाल्लं. एक दिवस सरळ रेषेत चालला. एक दिवस गोचिडी काढायला कान पुढे केला आणि मी हात लावू शकत नव्हते म्हणून मलाच रडू आलं. मुदत संपली, मॅडमनी हातमोजे काढले आणि त्याच्या डोक्यावर हात फिरवला. 

आता

ज्यांच्या घरी पिल्लू आलंय त्यांना माझं सांगणं थोडंच आहे. इंजेक्शन एक घेऊन गप्प बसू नका, पुढचं चुकवू नका. जंताचं औषध वेळेवर द्या. कान, बोटांच्या फटी रोज बघा. मासे घालायचे तर शिजवून घाला, काटे काढून, भाताबरोबर. आणि कितीही चांगली वस्तू असली तरी तीच एक रोज रोज घालू नका. लाड करा, पण डॉक्टरना एकदा विचारून करा. कुत्रा लडखडला, मान वाकडी झाली, लाळ गळली तर त्याला हात न लावता लगेच दवाखान्यात न्या. वाडीतल्या लोकांवर रागावू नका. घाबरलेलं माणूस वाईट नसतं.

माकल्याची मान अजून जराशी डावीकडे कलते. जुनी माणसं म्हणतात, तो काहीतरी ऐकतोय असं वाटतं. धावताना वळण घेतो तेव्हा कधी कधी धडपडतो. मग उठून इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं नाही ना म्हणून. पिहू पुन्हा त्याच्या अंगावर लोळते. राहिलेलं इंजेक्शन झालं, आणि पुढचं एकही मी चुकवलेलं नाही. होडीत बसून गेला तर मी होडी परत बोलावते.

वाटा अजून पडतो, इतरांच्या आधी. पण आता तो पाटीतून खोपीमागे जातो. तिथे तांडेलांनी चूल मांडलीय. मी म्हटलं होतं, घरच्या गॅसवर शिजवते की. तर म्हणाले, "नको, त्येचां मी बगतंय." बंगल्यातल्या कुत्र्याला नावं ठेवणारा माणूस रोज संध्याकाळी फुंकणी घेऊन चुलीपुढे उकिडवा बसतो, पातेल्यातली तारली ढवळतो, काटे काढतो आणि फुंकून फुंकून भात गार करतो. माकल्या शेजारी बसून वाट बघतो. घाई केली तर तांडेल म्हणतात, "थांब रे, शिजूंदे."

चुलीचे दोन दगड जांभ्याचे आहेत. तिसरा काळा आहे, मधोमध खाच असलेला. चूल विझली तरी तो धोंडा बराच वेळ ऊब धरून राहतो. माकल्या जेवला की त्यालाच पाठ लावून झोपतो, आणि तांडेल त्याला उठवत नाहीत.